लिपी त्याची, शब्द त्या वस्तीचे

कैरोच्या पूर्वेला मुकत्तमचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी मनशियत नासर ही वस्ती. विटांची, गिलावा न झालेली, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं. २०१६ साली या वस्तीतल्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला एखाद्या भिंतीवर नारिंगी रंगाचा रुंद फराटा दिसायचा. भिंत संपली की फराटाही तुटायचा. पुढच्या घरावर पांढरा वाकडा पट्टा, त्याच्या पुढच्या घरावर निळा. कशाचा कशाला मेळ नाही. पण डोंगर चढून एका ठराविक जागी उभं राहिलं, की सुमारे ५० इमारतींवरचे हे तुकडे एकमेकांना चिकटायचे आणि अरबी अक्षरांचं एक भलंमोठं वर्तुळ डोळ्यांसमोर उभं राहायचं. तिथून थोडं बाजूला सरकलं की सांधे निखळू लागायचे.

हे काम एल सीड नावाच्या कलाकाराचं. त्याच्या शैलीला ‘कॅलिग्राफिटी’ म्हणतात, म्हणजे सुलेखन आणि ग्राफिटी (रस्त्यावरच्या भिंतींवर रंगाने केलेलं लिखाण) यांचा संकर. नाव ऐकून वाटतं की दोन गोष्टी एकत्र केल्या, झालं. प्रत्यक्षात त्याच्या एका भिंतीवर तीन-चार देशांचे, दोन धर्मांचे आणि निदान हजार वर्षांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ते एकेक करून सोडवून पाहू.

सुरुवात घरापासून. एल सीडचा जन्म १९८१ सालचा, पॅरिसच्या परिसरातला. आईवडील ट्युनिशियाचे. घरात ट्युनिशियाची बोली अरबी आणि उंबऱ्याबाहेर फ्रेंच. अरबी त्याला बोलता यायची, लिहिता-वाचता मात्र येत नव्हती. स्थलांतरित घरांतल्या पुष्कळ मुलांचं असंच होतं. भाषा कानात असते, हातात नसते. आपण फ्रेंच की ट्युनिशियन, दोन्हींतलं एक निवडायलाच हवं, असं त्या वयात वाटायचं, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. अठरा वर्षांचा असताना तो अरबी लिहायला-वाचायला शिकू लागला. म्हणजे ज्या वयात इतरांचं अक्षर पक्कं झालेलं असतं, त्या वयात हा मुळाक्षरं गिरवत होता. हे उशिरा शिकणं मला फार महत्त्वाचं वाटतं. लहानपणी शिकलेलं अक्षर आपल्याला दिसत नाही, त्याचा अर्थच आधी डोक्यात शिरतो. मोठेपणी शिकणाऱ्याला अक्षराचा आकार आधी दिसतो. मोडी न येणाऱ्या माणसाने मोडीतलं जुनं पत्र हातात घेतलं, तर त्याला मजकूर दिसत नाही, नुसती धावती वळणं दिसतात. एल सीडने अरबीकडे प्रथम असंच पाहिलं असणार.

त्याच्या टोपणनावातही हीच गुंतागुंत आहे. कोर्नेय या फ्रेंच नाटककाराचं १६३७ सालचं ‘ल सिद’ हे नाटक त्याला शाळेत होतं. त्यातला नायक स्पेनचा ख्रिस्ती सरदार, अकराव्या शतकातला. त्याला मिळालेला ‘सिद’ हा किताब मात्र अरबी ‘सय्यिद’वरून आलेला. मराठीत आपण ‘सय्यद’ म्हणतो तोच हा शब्द. अरबी शब्द स्पेनमार्गे फ्रेंच नाटकात पोचला आणि पॅरिसच्या एका शाळकरी मुलाने तो उचलून आपलं नाव केलं.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. आज आपण ज्याला ग्राफिटी म्हणतो, ती तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फोफावली. १९७१ साली तिथल्या वर्तमानपत्रात ‘टाकी १८३’ अशी सही जागोजागी करत फिरणाऱ्या एका निरोप्या पोरावर बातमी आली. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. बातमीनंतर शेकडो पोरांनी तोच मार्ग धरला. ग्राफिटीच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: स्वतःचं नाव. एका झटक्यात केलेली सही म्हणजे ‘टॅग’. फुगीर अक्षरांत घाईघाईने भरलेलं नाव म्हणजे ‘थ्रो-अप’. अक्षरं एकमेकांत अशी अडकवायची, वाकवायची, त्यांना बाण-टोकं काढायची, की सरावलेल्या डोळ्यांखेरीज कुणाला वाचताच येऊ नये, ती ‘वाइल्डस्टाइल’. हिप-हॉप संगीत आणि ब्रेकडान्सबरोबर हे सगळं पॅरिसच्या उपनगरांत येऊन पोचलं आणि एल सीड त्यात वाढला. पुढे तो काही काळ न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय-सल्लागार म्हणून नोकरी करत होता. तिथून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेला आणि अरबी अक्षरांची ग्राफिटी तिथे खऱ्या अर्थाने सुरू झाली.

आता तिसरा धागा, अरबी सुलेखन. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी किल्ली इथेच आहे.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते. मूळ अक्षरं २८. बहुतेक अक्षरं शेजारच्याला जोडली जातात आणि जागेनुसार रूप बदलतात. शब्दाच्या आरंभी एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, सुटं असेल तर चौथं. सहा अक्षरं अशी आहेत, की ती मागच्याचा हात धरतात, पुढच्याचा धरत नाहीत. त्यामुळे शब्दात मध्येच एक श्वासाएवढी फट पडते. ‘बा’, ‘ता’ आणि ‘था’ या अक्षरांचं अंग एकच, फरक फक्त ठिपक्यांचा: खाली एक, वर दोन, वर तीन. शिवाय दोन अक्षरांना जोडणारी आडवी रेघ हवी तेवढी ताणता येते. शब्द तोच, अर्थ तोच, पण तो वीतभरही लिहिता येतो आणि हातभरही. देवनागरीत शिरोरेषा ताणली तर अक्षरांमध्ये नुसती मोकळी जागा पडते. अरबीत ताणलेली रेघ अक्षराचाच भाग होते. भिंत भरायला निघालेल्या माणसाला याहून सोयीची लिपी शोधून सापडणार नाही.

इतकं लवचीक साहित्य हातात असताना लिखाण बेंगरूळ होऊ नये म्हणून दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने त्याला माप घालून दिलं. हे माप बघण्यासारखं आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. ते कागदावर टेकवून जरासं ओढलं की शंकरपाळ्याच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे एकक. ‘अलिफ’ ही उभी रेघ इतक्या ठिपक्यांची उंच असायची. ती उंची व्यास धरून काढलेल्या वर्तुळात बाकीच्या अक्षरांच्या वाट्या-वळणं बसवायची. म्हणजे मोजपट्टी वेगळी नाहीच, लेखणीची रुंदी हीच मोजपट्टी. जाड बोरू घेतला की सगळं अक्षर त्याच प्रमाणात मोठं होतं. हा इब्न मुक्ला खलिफांचा वजीर होता, राजकारणात सापडला आणि त्याचा उजवा हात तोडण्यात आला. त्यानंतर तो लेखणी हाताच्या थोटकाला बांधून लिहीत असे, अशी आख्यायिका आहे. त्याचं माप मात्र पुढची हजार वर्षं टिकलं.

(मराठीतले कलम आणि दौत हे शब्दही अरबीतूनच आलेले. लेखणीचं हे घराणं आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.)

एल सीड या परंपरेत रीतसर शिकलेला नाही. गुरूपाशी बसून वर्षानुवर्षं एकेक अक्षर घोटणं आणि शेवटी लिहिण्याचा अधिकार देणारी सनद मिळवणं, हा पारंपरिक रस्ता. तो त्याने घेतला नाही, त्यामुळे ठिपक्यांचं माप तो पाळत नाही. त्याच्या अक्षरांना रस्त्यावरच्या वाइल्डस्टाइलचा वेग आणि गुंता आहे, आणि वळणं सुलेखनाची. दोन्ही कलांना एकच खोड होती: अक्षर इतकं गुंफायचं, की वाचणाऱ्याला थांबावं लागेल. एक खोड न्यूयॉर्कच्या रेल्वेडब्यांवर वाढली, दुसरी राजदरबारांत आणि मशिदींत. दोन्हींची गाठ पडायला पॅरिसच्या उपनगरातला एक पोरगा लागला.

अर्थात पूर्वसुरी होतेच. अरबी अक्षर अर्थापासून सोडवून चित्रात आणण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक अरब चित्रकारांनी केले. ट्युनिशियाचे नजा महदावी यांनी तर अक्षरासारखी दिसणारी, पण काहीच न सांगणारी चित्रं काढली. इराकमधून १९६९ साली पॅरिसला आलेले हसन मसूदी एकेक शब्द रुंद, रंगीत फटकाऱ्यांत उभा करत. ‘कॅलिग्राफिटी’ हा शब्द रूढ केला तो ॲम्स्टरडॅमच्या नील्स म्यूलमनने, २००७ साली. त्याची लिपी रोमन. तेव्हा पहिलेपणाचा मान एल सीडला देण्याची गरज नाही. त्याचं वेगळेपण दुसरीकडे आहे.

ते दिसतं भिंतीवर काय लिहायचं हे ठरवताना. ग्राफिटी स्वतःचं नाव लिहिते. एल सीड दुसऱ्याचं वाक्य लिहितो, आणि ते वाक्य ज्या जागेची भिंत त्या जागेतून घेतो.

पॅरिसच्या पों दे झार या पुलाच्या कठड्याला प्रेमिकांनी हजारो कुलुपं लावली होती. त्यांच्या वजनाने कठडा धोक्यात आला, म्हणून २०१५ साली ती काढली गेली. रिकाम्या जागी काही कलाकारांची चित्रं लागली. एल सीडने तिथे पॅरिसला अथांग समुद्राची उपमा देणारं बाल्झाकचं वाक्य लिहिलं. फ्रेंच लेखक, फ्रेंच शहर, लिपी अरबी. रिओ द जानेरोच्या विदिगाल या डोंगरउतारावरच्या वस्तीत एका गच्चीवर त्याने ब्राझीलच्याच एका कवयित्रीची कविता अरबीत उतरवली. केपटाऊनजवळच्या फिलिपी वस्तीत नेल्सन मंडेलांचं म्हणून प्रसिद्ध असलेलं वाक्य लिहिलं. तिथे एकाने त्याला विचारलं, इंग्रजीत का नाही लिहीत? त्यावर तो म्हणाला, झुलूत का नाही असं विचारलं असतंस तर मला पटलं असतं. हा प्रसंग तो स्वतःच सांगतो. उत्तर बिनतोड आहे. तरी मला त्या विचारणाऱ्याचं म्हणणं सोडून देता येत नाही. आपल्या भिंतीवर आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत कुणी लिहून गेलं, तर ते आपलं किती आणि पाहुण्याचं किती? एल सीडचं म्हणणं असं, की ही लिपी डोळ्यांच्या आधी मनाला भिडते, अर्थ नंतर विचारला तरी चालतो. अर्थ विचारण्यासाठी माणसं थांबतात, बोलतात, हे खरं. पण विदिगालच्या माणसाला आपल्याच कवयित्रीची ओळ दुसऱ्याकडून समजावून घ्यावी लागते, हेही खरंच. ही किंमत त्याच्या पद्धतीत आहे, आणि ती नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणूनच ट्युनिशियातलं गाबेस आणि इजिप्तमधलं कैरो इथली कामं मला जास्त पूर्ण वाटतात.

गाबेस हे दक्षिण ट्युनिशियातलं शहर, त्याच्या आईवडिलांच्या मुलखातलं. २०१२च्या जूनमध्ये राजधानी ट्युनिसजवळ एका चित्रप्रदर्शनावरून धर्माच्या नावाने दंगली झाल्या होत्या. कला आणि श्रद्धा आमनेसामने उभ्या ठाकलेल्या. त्याच उन्हाळ्यात एल सीडने जारा मशिदीचा ४० मीटरहून उंच, काँक्रीटचा मिनार रंगवला, मशिदीच्या इमामांच्या संमतीने. ओळ निवडली ती कुराणाच्या ४९व्या सुऱ्यातली (अध्यायातली) १३वी. माणसांना एका पुरुषापासून आणि स्त्रीपासून घडवलं, त्यांची कुळं आणि जमाती केल्या, त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असा तिचा आशय. मशिदीवर ग्राफिटी म्हटलं की विटंबना आठवावी, अशा वातावरणात मशिदीनेच आपला मिनार पुढे केला. परवानगी हा इथे कागदोपत्री सोपस्कार राहत नाही, तो चित्राचा अर्धा अर्थ होतो.

आता पुन्हा मनशियत नासर. इथे राहतात ते बहुसंख्य कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या प्राचीन पंथाचे ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिण इजिप्तच्या खेड्यांतून आलेली ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कैरोचा कचरा घरोघरी जाऊन गोळा करतात, हाताने वेगळा करतात आणि त्यातलं बरंचसं पुन्हा वापरात आणतात. शहर त्यांना ‘जब्बालीन’ म्हणतं, कचरेवाले. ते स्वतःला ‘जराईब’ म्हणवतात, म्हणजे डुकरं पाळणारे. ओला कचरा डुकरांना जायचा. २००९ साली स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशातली डुकरं मारायला लावली, तेव्हा या लोकांचा घासच काढून घेतला गेला.

वस्तीच्या वर डोंगरात कोरलेली संत समान यांची चर्चं आहेत. एल सीड आधी तिथल्या धर्मगुरूंकडे गेला. त्यांच्या पाठिंब्याने वस्तीची दारं उघडली. निवडलेलं वाक्य अथनेशियस यांचं, चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या बिशपांचं. सूर्यप्रकाश नीट बघायचा असेल तर आधी आपले डोळे पुसावेत, असा त्याचा अर्थ. कॉप्टिक लोकांचा स्वतःचा संत, त्याचं वाक्य आता कैरोत सगळे बोलतात त्या अरबीत, लिहिणारा मुसलमान घरातला फ्रेंच-ट्युनिशियन. इथे शब्दही वस्तीचे आणि भाषाही वस्तीची.

आणि हे ५० भिंतींवर उतरवायचं कसं? या तंत्राचं तत्त्व चित्रकलेत जुनं आहे. हान्स होल्बाइनच्या १५३३ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात खालच्या बाजूला एक लांबट, तिरकस डाग आहे. चित्राच्या कडेला जाऊन तिरक्या नजरेने पाहिलं की तो माणसाच्या कवटीचा आकार घेतो. डोळ्याची जागा आधी ठरवायची आणि चित्र त्या एका डोळ्यासाठी मोडून मांडायचं, असा हा खेळ. सोपं करून सांगायचं तर असं: अंधारात खोलीच्या कोपऱ्यावर टॉर्चने वर्तुळ पाडा. टॉर्च जिथे धरला आहे तिथून ते गोलच दिसतं, पण जवळ जाऊन पाहिलं तर ते दोन भिंतींवर मोडलेलं, ताणलेलं असतं. वस्तीच्या बाबतीत टॉर्चची जागा म्हणजे डोंगरावरचा तो एक बिंदू. अशा कामात त्या बिंदूवरून फोटो घेतात, त्यावर आराखडा बसवतात आणि मग प्रत्येक भिंतीच्या वाट्याला कुठला तुकडा येतो हे खिडक्या, गच्चीच्या कडा, पाण्याचे पाइप यांच्या खुणांवरून ठरवतात. भिंतीसमोरच्या रंगाऱ्याला आपला तुकडा वेडावाकडाच दिसणार. जवळची भिंत आणि दूरची भिंत यांवरची रेघ डोंगरावरून सारख्या जाडीची दिसायला हवी, तर दूरच्या भिंतीवर ती प्रत्यक्षात कितीतरी जास्त रुंद काढावी लागते. चूक झाली की नाही हे भिंतीपाशी उभं राहून कळतच नाही, त्यासाठी वरून पाहणारं कुणी तरी हवं.

त्यात ही घरं राहती. खाली कचऱ्याची वर्गवारी चालू, गच्चीवर जनावरं, दोऱ्यांना टांगलेल्या पाळण्यात रंगारी. सुमारे वीस जणांच्या चमूने काही आठवडे हे काम केलं. या दिवसांत घरोघरी पाहुणचार झाला, नावं तोंडपाठ झाली. आपण वस्तीला काही द्यायला आलो होतो, बदललो मात्र आपणच, असं एल सीडने नंतर सांगितलं. बाहेरून येऊन गरीब वस्ती रंगवून जाणाऱ्या कलाकारांबद्दल मला नेहमी शंका असते. रंगाने गटार झाकलं जात नाही, आणि रंगीत फोटो काढायला येणाऱ्यांची गर्दी वस्तीला उपयोगी पडतेच असं नाही. या कामालाही तो प्रश्न विचारायलाच हवा. पण इथे एक गोष्ट वेगळी आहे. ही माणसं कचऱ्यात राहत नाहीत, कचऱ्यावर पोट भरतात, आणि शहर घाण करतं ते ही साफ करतात, हे त्याला सांगायचं होतं, वस्ती नटवायची नव्हती. डोळे पुसायला सांगितलं ते शहराला.

काम पूर्ण झाल्यावर एका रात्री अतिनील किरणांचे दिवे वस्तीवर टाकले गेले. वर्तुळातल्या पांढऱ्या रंगात अंधारात उजळणारं द्रव्य मिसळलेलं होतं, त्यामुळे घरं काळोखात बुडाली आणि अक्षरं तेवढी हवेत तरंगू लागली. एरवी ते पाहायचं तर दिवसा मुकत्तमवर जावं लागे. डोंगरातल्या चर्चांकडे जाणारा रस्ता मनशियत नासरच्या मधून जातो. कैरोच्या ज्या माणसाने तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याला त्या गल्ल्यांतून, कचऱ्याच्या गोण्या लादलेल्या गाड्यांना वाट देत, दारात बसून प्लास्टिक निवडणाऱ्या बायकांच्या समोरूनच वर चढावं लागायचं.